खार

जुलैतला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. घोडबंदर रोडवर पाऊस नुकताच थांबलेला, येऊरचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर एकोणीस सेंटिमीटर लांबीचं एक प्लास्टिकचं मॉडेल जहाज डोळ्यांदेखत पांढरं पडत होतं. एअरब्रशमधून, म्हणजे रंग फवारायच्या यंत्रातून, करडा रंग बसला तेव्हा तो ओला, तुकतुकीत, हवा तसाच होता. मग नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने एक धुरकट छटा उठली आणि मिनिटभरात ती अर्ध्या जहाजावर पसरली. तापलेल्या दुधावर साय धरते तशी, आवाज न करता. बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. पुसून जात नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मावशी डबा परत द्यायला आल्या. माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं, म्हणजे होडी दिसली की बघितल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. चष्मा वर करून त्यांनी ते जहाज पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला खार बसलाय. बरेच दिवस बाहेर होती काय रे?" डबा ठेवला आणि गेल्या.

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण जे झालं होतं तो खार, म्हणजे समुद्राचं वाळलेलं मीठ, नव्हता; ती शुद्ध चूक होती. त्याला शौकीन लोक ब्लशिंग म्हणतात आणि त्याचं गणित सोपं आहे. लॅकर, म्हणजे थिनरवर चालणाऱ्या, रंगातला थिनर झपाट्याने उडतो; उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो; पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गार झाला की हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं आणि रंगाच्या ओल्या थरात अडकतं. मग रंग वाळतो, पाणी निघून जातं, मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि त्या प्रकाश विखुरतात म्हणून पांढऱ्या दिसतात. ठाण्यात जुलैत खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो. म्हणजे दोन अंशांनी गार झालं की संपलं. तेच जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ४० टक्के असेल तर दवबिंदू १५. मध्ये पंधरा अंशांची मोकळीक. एकच रंग, एकच थिनर, तोच हात. जानेवारीत तुम्ही कलाकार आणि जुलैत अडाणी. तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टेबलावर ठेवला तर हे सगळं आधीच कळतं. ६५ च्या वर काटा असेल तर लॅकरला हात लावायचा नाही, हा नियम. आणि पावसाळा रंगाशिवाय काढवत नाही, हेही तितकंच खरं.

हे जहाज म्हणजे एअरफिक्स कंपनीच्या किटमधलं १:६०० मापाचं लिअँडर. मूळ ब्रिटिश फ्रिगेट. पण याच नकाशावर माझगाव डॉकमध्ये आपली नीलगिरी बांधली गेली आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झाली. हे नाव आता नव्या जहाजाला दिलंय. ती नवी नीलगिरी १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या गोदीत दाखल झाली, १४९ मीटरची. जुनी ११३ मीटरची, म्हणून टेबलावर एकोणीस सेंटिमीटर. रुंदी जेमतेम दोन. या दोन सेंटिमीटरच्या पट्टीत तोफा, धुरांडं, डोलकाठी, हेलिकॉप्टरचा डेक, सगळं बसवायचं. पाण्यात हे कधी उतरणार नाही. आयुष्य शोकेसच्या काचेमागे जाणार. तरीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत याचं सगळं भांडण पाण्याशीच.

पहिलं पाणी स्वयंपाकघरातलं. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात जे तेलकट द्रव्य मारतात त्याचा पातळ थर प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. मास्किंग टेप काढताना करड्या रंगाची पापडी टेपबरोबर निघून येते तेव्हा लोक टेपला शिव्या घालतात, दोष या तेलाचा असतो. भाग स्प्रूवर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासायचे. पाणी कोमटच हवं. उकळतं ओतलं तर डोलकाठीच्या जागी जिलबी मिळेल. आणि सिंकवर आधी चहाची नव्हे, पिठाची मोठी चाळण ठेवायची, कारण स्प्रूवरून सुटलेली इवलीशी लाइफबोट एकदा पायपात गेली की थेट खाडीत. जुन्या साच्याच्या किटमध्ये असे सुटे भाग फार. साचा झिजला की दोन अर्धुकांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येतं आणि प्रत्येक भागाभोवती पापुद्रा तयार होतो. तो ब्लेडची धार आडवी धरून खरवडायचा, कापायचा नाही. निपरने (छोट्या कटरने) भाग तोडताना स्प्रूकडे दोन मिलिमीटर शेंडी ठेवायची, मग ती ब्लेडने, मग पॉलिश पेपरने. लगेच भागाला खेटून तोडलं तर तिथलं प्लास्टिक ताणून पांढरं होतं आणि बारीक खड्डा पडतो. (हाही एक पांढरा डाग. यांची यादी पुढे वाढत जाणार आहे.)

जहाजाचं पोट डाव्या-उजव्या दोन अर्धुकांत येतं आणि ती एकमेकांना भेटायला राजी नसतात. बहुतेक जण इथेच पहिली चूक करतात: दोन बाजू चिकटवून टाकतात आणि वाळल्यावर डेक बसवायला जातात. डेक मध्यावर एक मिलिमीटर सैल आणि मागे अर्धा मिलिमीटर घट्ट. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर साठ सेंटिमीटरची भेग. त्यातून खलाशी खाली पडेल. म्हणून डेक आधी कोरडा बसवून बघायचा आणि जिथे पोट आत दबतं तिथे स्प्रूचे तुकडे आडवे कापून तुळया घालायच्या, चार पुरतात. मग नाळेपासून सुरुवात. पातळ सॉल्व्हंट सिमेंटचा ब्रश फटीला नुसता टेकवायचा, ते केशाकर्षणाने स्वतः आत धावतं आणि प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. तीन सेंटिमीटर चिकटवायचं, वीस मिनिटं थांबायचं, पुढचे तीन. कपड्यांचे चिमटे चालतात, पण रबरबँड बरे; चिमट्याने सिमेंट स्वतःखाली ओढून घेतलं तर चिमट्याच्या दातांचा ठसा कायमचा. आणि बोट फटीवर ठेवायचं नाही. ठेवलंत तर ठशावरून तुमची ओळख पटेल एवढा स्पष्ट ठसा उमटतो. डेक वाकडा आला असेल तर साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून सपाट काचेवर वजनाखाली गार होऊ द्यायचा. एकदा नाही सरळ झाला तर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा जोर लावला की मोडतो.

उरलेल्या फटींत लांबी (पुट्टी) भरायची. भिंतीची नव्हे, मॉडेलची. पण रंगाऱ्याचं तत्त्व तेच, एकदम जाड भरू नये, वाळताना आत बसते. मग ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर, ओला करूनच. कोरडा घासला तर प्लास्टिकची पूड कागदात भरते, कागद गुळगुळीत होतो, प्लास्टिक तापतं. वाटीत पाणी, पाण्यात साबणाचा थेंब. पावसाळ्यात बरा चालणारा हा एकमेव टप्पा, म्हणून शहाणे लोक जून ते सप्टेंबर घासतात आणि ऑक्टोबर ते मे रंगवतात.

सगळ्यात नाजूक काम पाणरेषेचं. खाली लाल, वर करडा आणि मध्ये काळा पट्टा. पाणी जिथे रोज वर-खाली होतं, तेल आणि घाण जिथे चिकटते तो भाग काळा. ही रेषा अर्धा मिलिमीटर जरी कललेली असेल तर जहाज कलंडतंय असं वाटतं, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं. जपान्यांनी या भानगडीतून सुटका करून घेतली. १९७१ साली शिझुओकाच्या चार कंपन्यांनी जहाजं आपसांत वाटून घेऊन १:७०० ची मालिका काढली, तिचं नावच वॉटरलाइन. पाण्याखालचं पोट द्यायचंच नाही. जहाज पाणरेषेवर सपाट कापलेलं, टेबल म्हणजेच समुद्र. त्या मापात २६३ मीटरची यामातो साडेसदतीस सेंटिमीटर होते, आणि आपली २०२२ ची विक्रांत २६२ मीटरची, म्हणजे शेजारी ठेवली तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक. लिअँडरला मात्र पूर्ण पोट आहे आणि ते खाली सरळ नाही. त्यामुळे जहाज टेबलावर नुसतं ठेवून पेन्सिल फिरवली की रेषा हमखास तिरकी येते. नाळेखाली आणि मागच्या टोकाखाली माती लावून दोन्ही टोकांची उंची नकाशाप्रमाणे जुळवायची, पेन्सिल ठोकळ्याला बांधायची, जहाज हलवायचं नाही, काचेवर ठोकळा सरकवायचा. याहून जुनी आणि जास्त खरी युक्ती म्हणजे जहाज प्लास्टिकच्या टबात तळाला माती लावून घट्ट बसवायचं आणि हळूहळू पाणी ओतायचं. पोकळ असल्यामुळे ते तरंगायला बघतं, म्हणून डेक बसवण्याआधी आत दोन-चार मोठे नटबोल्ट. पाणी रेषेला पोचलं की थांबायचं आणि काठाकाठाने सुईने टिंबं मारायची. पाण्याच्या पृष्ठभागाइतकी सपाट गोष्ट घरात दुसरी नसते. फरशी तर नाहीच, बिल्डरला विचारा.

जन्मात एकदाच, तेही टबात, हे जहाज पाण्याला लागतं.

रंगाचा क्रम लोक उलटा लावतात. आधी लाल, मग करडा, आणि शेवटी मधला काळा पट्टा दोन टेपांमध्ये रंगवायचा प्रयत्न; मग दोन्ही टेपा समांतर लावता लावता रात्र. त्याऐवजी आधी पाणरेषेच्या आसपास भरपूर काळा मारायचा. वाळल्यावर दीड मिलिमीटर रुंदीची टेपची एकच पट्टी रेषेवर लावायची. तिच्या खाली लाल, वर करडा. पट्टी काढली की पट्ट्याच्या दोन्ही कडा आपोआप समांतर, कारण त्या एकाच टेपच्या कडा आहेत. टेपची पट्टी काचेवर नव्या ब्लेडने कापून घ्यायची. रोलची मूळ कड कपाटात धूळ खाऊन केसाळ झालेली असते. टेपची कड नखाने दाबायची आणि त्यावर आधी काळ्याचाच एक हलका हात मारायचा, म्हणजे जिथे गळायचं तिथे काळाच गळेल आणि काळ्यावर काळा दिसणार नाही. एवढं केल्यावर लाल, मग करडा. करड्यात थोडा पांढरा मिसळायचा, दहा टक्क्यांच्या आसपास. खऱ्या जहाजाचा डबा उघडून तोच रंग एकोणीस सेंटिमीटरवर लावला तर तो जास्त काळा दिसतो. मध्ये अर्धा किलोमीटर हवा नसते ना. मांडव्याच्या लाँचमधून गोदीतल्या युद्धनौका बघितल्या आहेत त्यांना कळेल, त्यांचा करडा आणि आभाळाचा करडा यांत किती थोडं अंतर असतं.

आता कंप्रेसर, एअरब्रशला दाबाची हवा पुरवणारा. पावसाळ्यात ब्लशिंगपेक्षाही वाईट फजिती तो करतो. दमट हवा दाबली की ती तापते, टाकीत आणि पायपात गार होते, आणि दाबलेल्या हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही; पाणी सुटतं. गुळगुळीत लाल पोटावर अचानक एअरब्रश थुंकतो आणि मध्यभागी पाण्याच्या थेंबाचा डोळा. कंप्रेसरला चिकटलेला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) यात फारसा उपयोगी नाही, कारण तिथपर्यंत हवा गरमच असते. लांब पायपाच्या एअरब्रशकडच्या टोकाला दुसरा छोटा ट्रॅप लावला तर फरक पडतो. टाकीच्या बुडाचा नळ काम झाल्यावर उघडायचा. चहाच्या रंगाचं चमचा-दोन चमचे पाणी निघतं आणि टाकी आतून कशी गंजतेय ते कळतं. दाब १५ ते २० पीएसआय, सुई ०.३ मिलिमीटरची, रंग गायीच्या दुधाइतका पातळ. एसी तासभर ड्राय मोडवर चालवला की आर्द्रता ५५ पर्यंत खाली येते, आणि मग आपण वासासाठी एक्झॉस्ट पंखा लावतो, जो बाल्कनीतली सगळी ओली हवा दाराच्या फटीतून आत ओढतो. यातून मार्ग एकच: पंखा पाचच मिनिटं, फवारतानापुरता, तोंडावर कार्ट्रिजचा मास्क, आणि फवारा झाला की जहाज लगेच झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. त्या रविवारी हे सगळं माहीत असून एसी वीसच मिनिटं लावला होता. बाकी काही कारण नाही.

पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक वापरा म्हणणारे असतात. ते पांढरे पडत नाहीत हे खरं; पण पावसाळ्यात वाळतही नाहीत. वीस मिनिटांत हाताला कोरडे लागतात आणि तिसऱ्या दिवशी टेप लावली की टेपची वीण रंगावर उमटते.

आर्द्रतेचा फायदा होतो तो एकट्या सुपरग्लूला. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जानेवारीत दहा सेकंद घेणारा थेंब जुलैत पापणी लवायच्या आत पकडतो, बहुतेक वेळा चुकीच्या जागी. पितळी रेलिंग बसवताना हा खरा छळ. रेलिंग खऱ्या जहाजावर मीटरभर उंच, म्हणजे इथे दीड मिलिमीटरहून जरा जास्त. आणि पितळेचा पत्रा ०.१ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मापात सहा सेंटिमीटर. खरी तार बोटाएवढी असते. आपण काहीही करा, प्रत्येक गोष्ट जाडच होते. बारीकपणाला तळ आहे आणि तो लवकर लागतो. तरीही पितळेचं रेलिंग बघवतं. प्लास्टिकमध्ये ओतलेलं रेलिंग अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे तीस सेंटिमीटर; तटबंदी झाली ती. पत्रा फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर ठेवून गोल धारेच्या ब्लेडने दाबून कापायचा, ओढून नाही. छताचा पंखा बंद, मे महिना असला तरी, नाहीतर तीन सेंटिमीटरचं रेलिंग सोफ्याखाली. चिकटवायला पांढरा गोंद बरा, वेळ देतो. दोन्ही टोकं धरल्यावर मधे सुईच्या टोकाने सुपरग्लूचे बारीक ठिपके. जास्त लावला की त्याची वाफ ओल्या हवेत घट्ट होऊन आजूबाजूला पांढरी बुकटी बसते. काळ्या धुरांड्यावर तर अंगारा लावल्यासारखी दिसते.

डोलकाठीच्या तारा मात्र सोप्या आणि त्यात मजा आहे. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर दोन बोटं उंच फिरवत धरायचा. मध्ये झुकायला लागला की ज्योतीतून बाहेर काढून दोन्ही हात एकदम ताणायचे आणि गार होईपर्यंत तसेच धरायचे. जितकं झटकन ओढाल तितकी तार केसासारखी. ती दोन टोकांना चिकटवली की थोडी सैल राहते. मग पेटलेली अगरबत्ती तिच्याखाली बोटभर अंतरावरून न्यायची, तार स्वतः आक्रसून ताठ होते. जवळ नेली तर तुटते. सुती दोरा वापरू नये: पीळ दिलेला दोरा ओलावा प्यायला की आखडतो, कोरडा झाला की सैल पडतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये सतारीसारखी ताणलेली तार डिसेंबरात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते.

नीलगिरी करायची तर जहाजावरचे आकडे बदलावे लागतात. किटमध्ये लिअँडरचा एफ १०९ येतो, आपल्याला एफ ३३ हवा. तीनचे दोन्ही आकडे एखाद्या विमानाच्या किटमधल्या जुन्या डेकल शीटवरून (डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे-चिन्हं) उचलायचे. हेलिकॉप्टरही बदलायचं. किटमध्ये वास्प आहे, त्याचा पंखा चार पात्यांचा. आपल्या जहाजांवर चेतक, तीन पात्यांचं. पंख्याचा व्यास अठरा मिलिमीटर. वास्पचं एक पातं काढलं की काम भागतं असं वाटतं, पण उरलेल्या तिघांमध्ये १२० अंश यायला हवेत, म्हणून चारही काढून तीन नव्याने लावायची. डेकल पाण्यात भिजवून सरकवायचे. आणि इथे घोडबंदरचं टँकरचं पाणी आडवं येतं. जड पाणी डेकलखाली वाळलं की क्षारांचं गोल कुंडल उमटतं. खडबडीत रंगावर डेकल लावला तर खाली हवा अडकून तो चांदीसारखा चमकतो, ते वेगळं. आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, आणि पाणी आरओचं.

एकूण पांढऱ्या डागांची जात मोठी. ताणलेलं प्लास्टिक, गोंदाची बुकटी, पाण्याचे क्षार, अडकलेली हवा, आणि रविवारची ती साय. मॉडेल बनवणाऱ्याचा निम्मा जन्म पांढरं टाळण्यात जातो. मावशींनी त्यातला एक डाग बघून ओळखीचा म्हणून सांगितला. भांडुप-कांजूरच्या मिठागरांकडे पाहत वाढलेली, दारात सुके बोंबील आणि खारा बांगडा बघितलेली बाई. तिला पांढरं दिसलं की आधी मीठच आठवणार.

आणि मीठ खरोखर बसतं. समुद्रात आठवडाभर राहून आलेल्या जहाजाच्या नाळेवर, नांगराच्या भोकाखाली, काळ्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला हातभर उंचीपर्यंत तुषार वाळून पांढुरके ओघळ येतात. नवशिके मात्र गंज चढवतात. गंज दिसायला जोरकस असतो आणि बाजारात तयार बाटलीत मिळतो. चालू युद्धनौकेवर एवढा गंज असेल तर कॅप्टनची खैर नाही; खलाशांच्या हातात रंगाचे डबे कायम असतात. तसली जहाजं दारुखान्यातल्या भंगारात. मीठ त्यामानाने शांत आणि प्रामाणिक. पण त्याला अटी आहेत. जुलैत मीठ टिकत नाही, एक सर आली की धुतलं. म्हणजे खार ठेवायचा तर जहाजाचा महिना ठरला: पावसाळा संपलेला, डिसेंबर म्हणू. डेक कोरडा, ओला चमकता नाही. आणि ओघळ वरून खाली येतात, तुषार नाळेला जास्त आणि मागे कमी. रविवारचा पांढरा पट्टा नाळेकडून मागे विरळ होत गेलेला होता, कारण फवारा तिथून सुरू केला होता. नशीब म्हणतात ते हेच. फक्त हेलिकॉप्टरच्या डेकखाली, जिथे तुषार पोचणारच नाही, तिथेही एक ढग होता. तेवढ्यावर मंद, म्हणजे हळू उडणाऱ्या, थिनरचा हलका फवारा मारला, रंग पुन्हा क्षणभर ओला झाला, पांढरं विरघळून गेलं.

महिना ठरला की समुद्रही ठरतो. जहाज वेगात दाखवायचं तर नाळेपासून निघणाऱ्या लाटांची पाचर दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंशांची, ती वेग बदलला तरी खोल पाण्यात तशीच राहते. बदलते ती पोटाला लागून जाणाऱ्या लाटांची लांबी. वीस नॉट्सला दोन शिखरांत ६८ मीटर, म्हणजे इथे अकरा सेंटिमीटर. बारा नॉट्सला २४ मीटर, चार सेंटिमीटर. शोकेसमधल्या बऱ्याच जहाजांचा समुद्र इथेच खोटा ठरतो: नाळेला तीस नॉट्सचा फेस आणि पोटाला तलावाच्या लाटा. पण आठवडाभराचं मीठ अंगावर वाळवणारं जहाज आता बंदरात थांबलेलं असणार. मग फेस नको, लाट नको. जलरंगाच्या कागदावर ॲक्रिलिक जेलचा पातळ थर, स्पंजने टिपलेला, आणि रंग निळा अजिबात नाही. मुंबईचं बंदर डिसेंबरातही हिरवट मातकट असतं. कळव्याच्या पुलावरून खाडी बघावी आणि त्यात जरा हिरवा घालावा. झेंडाही हलला. चालत्या जहाजाचा नौदल ध्वज डोलकाठीवर असतो. बंदरात तो मागच्या टोकाला येतो आणि नाळेवरच्या काठीवर तिरंगा चढतो. १९७२ ची नीलगिरी, म्हणून ध्वज जुना, पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. आजचा, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून अष्टकोन घेतलेला, २ सप्टेंबर २०२२ पासूनचा. तो हिच्यावर चालणार नाही. पाच मिलिमीटरचा कागद सुईभोवती गुंडाळून सोडला की घडी पडते. वारा नसलेल्या बंदरातली घडी, खाली लोंबणारी.

एका बिघडलेल्या फवाऱ्याने एवढं सगळं ठरवून टाकलं याचं थोडं हसू येतं आणि थोडी लाजही. चूक लपवायला गोष्ट रचणं आणि गोष्टीसाठी चूक ठेवणं, यांतला फरक शोकेसच्या काचेबाहेरून कुणाला कळणार आहे? पण हाताला कळतो. आणि एक तांत्रिक अडचण राहतेच. शेवटचा मॅट वार्निश या पांढऱ्यावर बसला की त्या सूक्ष्म पोकळ्या भरणार आणि खार दिसेनासा होणार. ओल्या बोटाने मीठ पुसावं तसा. वार्निश न मारता सोडलं तर डेकल दोन वर्षांत कडेने उचलतात. तेव्हा ऑक्टोबरात काटा साठच्या खाली आला की वार्निश मारायचा आणि जे जुलैत हवेने फुकट केलं ते हाताने पुन्हा करायचं: पांढऱ्या ऑइल कलरमध्ये नखभर बफ (फिकट पिवळट रंग), टर्पेंटाइन इतकं की ब्रश नुसता ओलसर राहील, शून्य नंबरचा ब्रश, वरून खाली एक-एक मिलिमीटरचे ओघळ, नाळेला दाट, मागे विरळ, आणि दर दोन ओघळांनंतर कोरड्या ब्रशने अर्धं पुसून टाकायचं. हेलिकॉप्टर डेकखाली काही नाही. मग डब्याच्या निमित्ताने मावशींना वर बोलवायचं आणि त्या चष्मा वर करतात का ते बघायचं.